येसूबाईची ओळ

“आजी, चष्मा आणलाय का?” टेबलामागच्या केंद्राध्यक्षानं विचारलं. येसूबाईंनी चष्मा लावला की यादीवरचा शिक्का पुसला जाईल, अशी त्याची समजूत असावी.

चष्मा नाकावरच होता, आणि नसता तरी वाचता आलं असतं. डोळ्यांच्या बाबतीत येसूबाई त्र्याण्णवाव्या वर्षीही कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. त्यांनी यादी सरळ आपल्याकडे फिरवून घेतली. त्याचं बोट जिथं थांबलं होतं तिथं त्यांची ओळ होती. अनुक्रमांक दोनशे चौदा, येसूबाई भिकाजी भुवड, स्त्री, वय त्र्याण्णव. त्या ओळीवर आडवा शिक्का होता, ‘वगळले’. खाली बारीक अक्षरात कारण दिलेलं होतं.

“मयत,” येसूबाईंनी मोठ्यानं वाचलं. मग खोलीतल्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. “कोन मयत?”

बाकावर दोन पक्षांचे दोन एजंट बसले होते. दोघंही भुवडवाडीतलेच, सकाळपासून एकमेकांशी शब्द न बोललेले. यावर मात्र दोघं मिळून हसले. मास्तरीण आजी मयत असेल तर मघाशी आमच्या दारावरनं काठी टेकत गेली ती कोण, असं त्यातला एक म्हणाला. केंद्राध्यक्ष काही हसला नाही. खेडकडचा तरुण शिक्षक होता बिचारा. रात्रभर शाळेच्या बाकावर झोपून पहाटे चारला उठलेला, त्याला यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. त्यानं हात जोडून सांगितलं की यादीतून नाव वगळलेलं असलं तर मतदान करू द्यायचा अधिकार त्याला नाही, तालुक्याच्या साहेबांना नाही, आजच्या दिवसात कुणालाच नाही.

आता बोला. धडधाकट माणसाला घरापासून शाळेपर्यंत दहा मिनिटं लागतात, येसूबाईंना सव्वा तास लागला होता. चढणीवर तीन ठिकाणी बसावं लागलं. दोन्ही पक्षांच्या रिक्षा दारात येऊन गेल्या होत्या आणि दोन्ही त्यांनी हाकलून दिल्या होत्या. दुसऱ्याच्या रिक्षातून जाऊन मत आपलं कसं राहील, असा त्यांचा हिशेब. सत्तावन सालापासून त्यांनी एक मतदान चुकवलं नव्हतं. नवरा गेला त्याच्या अकराव्या दिवशी मतदान आलं, तेव्हासुद्धा कपाळ मोकळं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या होत्या. वाडी महिनाभर बोलत होती. बोलू दे, म्हणाल्या.

आणि आज त्या स्वतःच मयत निघाल्या.

केंद्राध्यक्ष मनानं वाईट नव्हता. त्यानं पानं उलटली, आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. “थांबा आजी, सापडलं. तीनशे एकसष्ट. येसूबाई भिकाजी भुवड, वय अठ्ठ्याहत्तर. तुमचं नाव दोनदा आलं असणार, म्हणून एक काढलं. वय काय, चुकतंच. या इकडे, सही करा.”

त्या ओळीशेजारचा फोटो नुसता काळा डाग होता, कुणाचाही चालला असता. येसूबाईंच्या हातातल्या कार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळत होतं. बाकावरचे दोघं एजंट एकाएकी गप्प झाले आणि आपापल्या कागदात बघायला लागले. तीनशे एकसष्ट कोण, हे त्या खोलीत फक्त तिघांना ठाऊक होतं. एजंट तोंड उघडणार नव्हते. शाईची बाटली उघडी होती, यंत्र पुठ्ठ्याच्या आडोशामागं चार पावलांवर होतं. येसूबाईंचा हात टेबलापर्यंत गेलासुद्धा.

“ती मी न्हवं,” त्या म्हणाल्या आणि काठी उचलून बाहेर आल्या.

भुवडवाडीत तेवीस घरं, आणि तेवीसही भुवडांची. त्यात भिकाजी चार, गंगाराम तीन आणि भिकाजीची बायको येसूबाई दोन. बाहेरच्याला वाटेल, केवढा हा गोंधळ. पण वाडीत कुणाला कधी अडचण आली नाही, कारण नावानं हाक मारतं कोण? नवरा बायकोला ‘अगो’ म्हणतो, बायको नवऱ्याला काहीच म्हणत नाही, सुना सासरच्या मोठ्या माणसांचं नाव ओठांवर आणत नाहीत. बाई ओळखली जाते ती माहेरच्या गावावरून, नाही तर घराच्या जागेवरून. एक येसूबाई खालच्या घरची. ती श्रावणात वारली. आणि ह्या येसूबाई म्हणजे मास्तरीण. कुठल्या शाळेत त्यांनी शिकवलं नव्हतं, पण वाडीतल्या बायकांची मुंबईची पत्रं चाळीस वर्षं त्यांनीच वाचली आणि त्यांनीच लिहिली, म्हणून ते नाव पडलं आणि खऱ्या नावाच्या वर बसलं.

शाळेच्या आवारात, काजूच्या झाडाखाली एक टेबल मांडलेलं होतं. त्यावर यादी, चिठ्ठ्यांचे गठ्ठे, पाण्याची बाटली, आणि मागं वैष्णवी. येसूबाईंच्या नातवाची बायको. नातू दर्शन कांदिवलीला एका सोसायटीच्या गेटवर नोकरीला होता, महिन्याकाठी दोन दिवस यायचा. घरात ह्या दोघीच. वैष्णवी अंगणवाडीत सेविका होती. तीन वर्षं खेटे घालून ती नोकरी मिळाली होती, आणि नोकरीच्या पदराला मतदार यादीचं कामही बांधून आलं होतं. अकराशे नावं, घरोघर फिरणं, सगळं मोबाईलमध्ये भरणं. गावातली कुणाची ओळ राहणार आणि कुणाची जाणार, हे तिच्या अंगठ्यावर होतं.

येसूबाई टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. वैष्णवीनं हसून विचारलं, झालं का, आजी? येसूबाईंनी शाई न लागलेलं बोट तिच्यासमोर धरलं.

“मी मेलंय म्हने. कोनी लिवलंन?”

वैष्णवीनं यादी ओढली, बोट फिरवलं, दोनशे चौदावर आलं. मग तिनं तीनशे एकसष्ट उघडलं. तिच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं येसूबाईंना स्पष्ट दिसलं. वेगळं उत्तर द्यायची गरजच राहिली नाही.

मग हळूहळू बाहेर आलं ते असं. श्रावणात खालच्या घरच्या मुलानं येऊन सांगितलं, आईचं नाव काढून टाका. घरात रेंज येते ती पडवीच्या एकाच कोपऱ्यात. वैष्णवी तिथं मोबाईल घेऊन बसली होती, आणि दोन हातांवर येसूबाई फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. पडद्यावर दोन येसूबाई आल्या. संध्याकाळपर्यंत काम संपवा म्हणून वरून सारखे मेसेज येत होते. मेलेली बाई जास्त वयाचीच असणार, असं धरून पोरीनं वरची ओळ दाबली. खालची येसू आजारानं आधीच म्हातारी दिसायची, तेही एक झालं.

“आनि दुसरी येसूबाई कोन, हे मनात न्हाय आलं?”

वैष्णवी मान खाली घालून म्हणाली, “नाही आलं, आजी. घरात तुमचं नाव कुणी घेतच नाही. मी पण कधी घेतलं नाही. तुमचं नाव येसूबाई आहे, हे मला त्या वेळी आठवलंच नाही.”

लग्नपत्रिकेत छापलेलं होतं, पण स्वतःच्या लग्नाची पत्रिका कुठली नवरी वाचते? आधार कार्ड न् काय ते येसूबाईंच्या ट्रंकेत, किल्ली कमरेला. पोरगी खोटं बोलत नव्हती. म्हणून तर येसूबाईंना ते जास्त लागलं. कुणी वैर साधून नाव कापलं असतं तर त्या भांडल्या असत्या, चार शिव्या हासडल्या असत्या. इथं भांडायचं कुणाशी? दोन हातांवर बसून, एका ताटातली भाकरी खाऊन, आपल्या घरच्या पोरीला आपलं नाव ठाऊक नाही. येसूबाईंना तिथं उभ्या उभ्या असं वाटलं की शिक्का मारणाऱ्यानं काही फार चूक केली नाही.

त्या पायरीवर बसल्या.

वैष्णवी टेबल सोडून जवळ आली आणि इकडंतिकडं बघत हळू आवाजात विनवायला लागली. आज बारा वाजता मोठे साहेब फेरीला येतात. जिवंत माणसाचं नाव मयत म्हणून काढलं, तेही स्वतःच्या घरातल्या, हे कागदावर आलं तर नोकरी जाणार. शेजारच्या गावातल्या बाईला असंच काढून टाकलं. दर्शनच्या पगारात त्याचंच भागत नाही. “आजी, त्या तीनशे एकसष्टवर करून टाका ना. नाव तेच, कार्ड तेच. मग मी सांगेन, नाव दोनदा होतं म्हणून एक काढलं. कुणाचं काही जात नाही हो.”

“कुनाचं काय जात न्हाय?” येसूबाईंचा आवाज चढला. “ती मरताना तिच्या जिभेवर तुळशीपत्र मी ठेवलंय. तू मना मारलंस, ते मारलंस. आता तिच्या नावावर बसवतेस? बाईच्या नावाची किंमत तुला काय ठावी? चारशे अकरा बायका मी लिवल्यात. एकेक विचारून.”

वैष्णवीला काही कळेना. कुठल्या बायका, आजी, कुठे लिहिल्या?

ही गोष्ट येसूबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही. तलाठ्याबरोबर तीन महिने घरोघर हिंडलेली मुलगी म्हटलं असतं तर सोयरीक कुठल्या घरात जमली असती? म्हणून आईनं तोंडावर बोट ठेवायला सांगितलं, आणि ते बोट सत्तर वर्षांवर तिथंच राहिलं.

एकोणपन्नास साल. तेव्हा त्या येसूबाई नव्हत्या, काशी होत्या. पालीची काशी, शाळेतल्या शिपायाची मुलगी, वय सतरा, सातवी पास. त्या साली नव्या राज्याची पहिली यादी निघाली. राजा नाही, सरदार नाही, एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचं मत घ्यायचं, मग तो कोण का असेना, असं वर ठरलं होतं. वर ठरवणं सोपं. खाली पालीच्या आसपासच्या सात वाड्यांत तलाठी भाऊसाहेब वही घेऊन फिरत होते आणि दारोदार हात हलवत परत येत होते. बाप्ये सगळे मुंबईला, गिरणीत नाही तर गोदीत. घरात बायका. बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव लागतं, आणि नवऱ्याचं नाव घेईल ती बाई कसली! पदर तोंडात धरून आत पळायच्या. फारच टोचलं तर सांगायच्या, त्या डोंगरावर देव हाय ना, त्याच्या नावाचे. डोंगरावर देव तीन. भाऊसाहेब वैतागून ‘रावजीची आई’, ‘खालच्या घरातील बाई’ असं लिहून मोकळे व्हायचे. मग वरून हुकूम आला की असली नावं धरायची नाहीत, खरं नाव द्या, नाही तर ओळ कापा.

कापत सुटले असते. एवढ्यात काशीचा बापूस म्हणाला, माझ्या पोरीला न्या, ती लिवते.

काशीनं वही उघडलीच नाही. ती चुलीपुढं जाऊन बसली आणि म्हणाली, हळदीकुंकवाला घेतेस तसा उखाणा घे बघू. झालं! उखाण्यात नाव घ्यायला कसली लाज? उलट एकीचा ऐकून दुसरीला चेव यायचा. एक म्हातारी दात नसलेल्या तोंडानं म्हणाली होती:

“माळ्यावरच्या डब्यात ठेवलं नाचण्याचं पीठ,
रावजींचं नाव घेते, पोरी, लिहून घे नीट.”

काशी हसत हसत लिहायची. नवऱ्याचं नाव असं यायचं. वेळ लागायचा तो पुढच्या प्रश्नाला. आणि तुझं नाव? “माजं कशाला?” प्रत्येकीचं हेच. काहींना आठवायला लागायचं. एक तर चक्क सासूला विचारायला आत गेली. काशी वाट बघत बसायची, पण नाव घेतल्याशिवाय उठायची नाही.

सखू नावाची एक होती. नवऱ्यानं मुंबईत दुसरी ठेवलेली. ती उखाणा घेईना. म्हणाली, त्या मेल्याचं नाव लावून मना मत नको. बापाचं लावू? तर म्हणाली, बापानंच दिली मना त्याला. मग कुणाचं लावू? सखू बराच वेळ जात्याच्या खुंट्याला धरून बसली आणि मग म्हणाली, “आवशीचं लाव. राही.” काशीनं आईचं नाव लिहिलं. भाऊसाहेबांनी खोडलं, असा रकाना नाही म्हणाले. काशीनं पुन्हा लिहिलं, शाईनं, आणि सांगितलं की हे खोडलंत तर उद्यापासून मी येत नाही. ते राहिलं. बावन्न सालच्या मतदानानंतर पालीच्या बाजारात सखू भेटली तेव्हा तिनं शाई लागलेलं बोट वर करून दाखवलं होतं. काशीला स्वतःला मत नव्हतं. एकविशी भरली नव्हती. चारशे अकरा नावं लिहिणारीचं नाव त्या यादीत कुठंच नव्हतं, आणि यादी कुणी लिहिली म्हणून जो कागद वर गेला त्यावरही नव्हतं. देश कुणी उभा केला, याची पुस्तकं भरपूर आहेत. त्यात पालीच्या सात वाड्या सापडायच्या नाहीत.

पुढं लग्न झालं, ताटातल्या तांदळात नवऱ्यानं अंगठीनं येसूबाई लिहिलं, आणि काशीही गेली. नवीन नाव तिनं मन लावून आपलंसं केलं. सत्तावन साली पहिल्यांदा ते यादीत छापलेलं बघितलं, तेव्हा बोटानं चाचपून बघितलं होतं.

हे सगळं येसूबाई पायरीवर बसून सांगायला लागल्या. भरभर, तुटक, मागचं पुढं करत. सत्तर वर्षं दाबलेलं, नीट थोडंच येणार? वैष्णवी ऐकत होती. पण सखूपर्यंत येताहेत तोच टेबलापाशी चारजण चिठ्ठी मागायला आले, नाव सापडत नाही म्हणून ओरडायला लागले. वैष्णवीला उठावं लागलं. उठताना तिनं येसूबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला, एवढंच.

बारा वाजता साहेबांची गाडी आली. कुणातरी एजंटानं त्यांच्या कानावर घातलंच होतं. साहेब पायरीशी आले, अदबीनं बोलले. आजी, लेखी तक्रार द्या, कुणी चुकलं ते बघतो, कारवाई करतो. मत आज मिळेल का, असं येसूबाईंनी विचारलं. ते नाही, म्हणाले, मत आता पुढच्या यादीनंतर. टेबलामागं वैष्णवी चिठ्ठ्या मोजत होती आणि तीच तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा मोजत होती.

“चूक माजी हाय,” येसूबाई म्हणाल्या. “यादी पंचायतीच्या बोर्डावर लावली होती. दर साली बगतंय. औंदा न्हाय गेलंय.”

हे खरंच होतं. गेली साठ-सत्तर वर्षं कच्ची यादी लागली की त्या जाऊन आपली ओळ बघून यायच्या. यंदा गुडघे धरले होते, पण कारण ते नव्हे. यंदा घरातलीच पोर यादी करते म्हटल्यावर बघायला कशाला जायचं, असं त्यांना वाटलं होतं. उलट मनातून अभिमानच होता. आपण लिहिलं, आता आपल्या घरची लिहिते. तो अभिमान असा अंगावर आला.

साहेबांनी बरं म्हटलं, घड्याळ बघितलं आणि गाडीत बसले. जाता जाता वैष्णवीला मात्र सांगून गेले की दोनशे चौदाचा खुलासा उद्या ऑफिसात आणून द्या.

दुपार सरली. येसूबाई घरी जाईनात. वैष्णवीनं डबा पुढं केला तर खाल्ला नाही, आणि पोरीनंही खाल्ला नाही. रांगेतली माणसं आत जात होती, बोट फुंकत बाहेर येत होती. दारू पिऊन आलेला, कुणाला मत द्यायचं ते दारातल्याला विचारणारा, सेल्फी काढणारा, सगळ्यांना मत होतं. येसूबाई बघत राहिल्या. पुढची यादी म्हणजे एक वर्ष, पुढचं मतदान आणखी पुढं. त्र्याण्णव वर्षांच्या बाईला कुणी पुढचं सांगू नये. हे शेवटचं होतं, आणि ते समोर, चार पावलांवर, उघड्या दारातून दिसत होतं.

आणि वैष्णवी. उद्या ती खुलासा काय लिहिणार? तीनशे एकसष्टवर मत पडलं तर लिहायला काहीतरी होतं. नाव दोनदा होतं, एक काढलं, बाईनं मत दिलं, संपलं. पोरगी म्हणाली तसं, कुणाचं काय जात होतं? खालची येसू काही भांडायला येणार नव्हती.

पाच वाजून दहा मिनिटांनी येसूबाई उठल्या. साडेपाचला दार बंद. वैष्णवीकडे न बघता त्या पायऱ्या चढल्या. रांग नव्हती. केंद्राध्यक्षानं त्यांना ओळखलं आणि तो जरा सावरून बसला.

“तीनशे एकसष्ट,” येसूबाई म्हणाल्या. “मगाशी चुकलं माजं. तीच मी.”

पंचाहत्तर वर्षांत असलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. आज निघालं.

केंद्राध्यक्षानं यादी उघडली. तीनशे एकसष्टच्या ओळीखाली लाल रेघ होती आणि आकड्यावर खूण होती. मत दिलेल्या प्रत्येक बाईच्या ओळीवर असते तशी.

“आजी,” तो म्हणाला, “या बाई तर दोन वाजता येऊन मतदान करून गेल्या. कार्ड होतं त्यांच्याकडे. सही आहे ही बघा.”

त्यानं वही फिरवली. वाकडीतिकडी सही होती, येसूबाई भिकाजी भुवड. कुणाची, कोण जाणे. श्रावणात वारलेल्या बाईचं कार्ड घेऊन कुणीतरी आलं होतं आणि शाई लावून गेलं होतं. बाकावरच्या दोघांनी तेव्हा मान वर केली नव्हती, आत्ताही केली नाही. दोघांत काय ठरलं होतं ते त्यांचं त्यांना माहीत.

केंद्राध्यक्ष येसूबाईंकडे बघत होता. सकाळची कीव त्याच्या नजरेत आता नव्हती. सकाळी ‘ती मी नव्हे’ म्हणालेली बाई संध्याकाळी ‘तीच मी’ म्हणत आली होती. त्यानं दुसरं काय समजावं?

“आजी, या वयात असं करू नये,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “पोलीस बाहेर आहे. मी बोलावत नाही. जा तुम्ही घरी.”

येसूबाईंनी तोंड उघडलं. चारशे अकरा बायका, सखू, राही, सगळं जिभेवर आलं आणि तिथंच अडलं. याला सांगून काय होणार होतं? आणि तो म्हणाला त्यात खोटं काय होतं? एका मेलेल्या बाईचं नाव चोरायला त्या आत आल्या होत्या. दुसऱ्या कुणीतरी आधी चोरलं होतं, एवढाच फरक. त्या वळल्या. दारातल्या पोलिसानं हात दिला, तो त्यांनी घेतला.

खोकी, पेट्या, सह्या आटोपून वैष्णवी घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. येसूबाईंना कुणीतरी स्कूटरवरून आणून सोडलं होतं. त्या पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, दिवा न लावता. वैष्णवीनं दिवा लावला. तिला सगळं कळलं होतं, शाळेच्या आवारात दुसरं बोलणंच नव्हतं. ती समोर येऊन जमिनीवर बसली. उद्या ऑफिसात मी खरं तेच लिहून देणार, म्हणाली. नोकरी गेली तर गेली.

मग वैष्णवीनं मोबाईल काढला आणि रेंजच्या कोपऱ्यात सरकली. नाव परत घालायचं तर एकच फॉर्म आहे, तिनं सांगितलं. पहिल्यांदाच मतदार होणाऱ्यांचा. अठरा वर्षांची पोरं भरतात तो.

“भर,” येसूबाई म्हणाल्या.

वैष्णवीनं नाव विचारलं नाही. तिनं आधी नाव टाइप केलं आणि मग जे टाइप केलं ते मोठ्यानं म्हटलं, संबंध नाव, एकेक अक्षर सुटं. म्हणताना ती अडखळली, आजेसासूचं नाव तोंडानं घ्यायची तिला सवय नव्हती. जन्मतारीख भरताना पडदा लाल झाला. वय तपासून बघा, असं तो सांगत होता. तिनं पुन्हा तेच साल भरलं. यादी कधी लागेल, असं येसूबाईंनी विचारलं. पुढच्या जानेवारीत, वैष्णवी म्हणाली.

शेवटी फोटो मागितला. पाठीमागं पांढरं पाहिजे, डोळे उघडे पाहिजेत, तोंड समोर पाहिजे. पडवीची एकच भिंत पांढरी होती. येसूबाई सरकत सरकत तिच्यापुढं जाऊन बसल्या, पदर सारखा केला, चष्मा काढून मांडीवर ठेवला. वैष्णवीनं मोबाईल धरला, दोनदा धरला. मग आवाज झाला. झाला, आजी, ती म्हणाली, चांगला आलाय.

तरी येसूबाई हलल्या नाहीत. ताठ बसून, डोळे उघडे ठेवून समोर बघत राहिल्या.